ऐंशीचा रकाना

कारखान्यात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. साच्यातून निघालेलं नायलॉनचं प्रत्येक दातेरी चाक तो उजेडासमोर धरून पाही, म्हणून. माझ्या वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसायचा. गणितात बेताचा, अक्षरात पहिला.

ती चाकं ओझी वर चढवायच्या हातरहाटांत बसत. त्यासाठी साचा ऐंशी अंशांवर गरम ठेवावा लागे. का, ते त्याने मला एकदा समजावलं होतं.

“बाई, वेळ दिला तर पोरं रांगेत नीट उभी राहतात ना, तसं. वितळलेलं नायलॉन सावकाश निवलं की आतले कण ओळीनं बसतात, स्फटिक धरतात. चाक दुधी दिसतं, दात कणखर होतात. थंड साच्यात सगळं जिथल्या तिथे गोठतं. दिसायला काचेसारखं छान, पण दात मऊ.”

“मग तू कधी रांगेत नीट का उभा राहिला नाहीस रे?”

“मी घाईत निवलो, बाई.”

एका दुपारी साचा तापवणारा हीटर बंद पडला. साहेब म्हणाले, “चालू दे. पाचला गाडी निघायचीय.” चाळीस चाकं निघाली, चकचकीत. भिंगने ती उजेडासमोर धरली, पाहिली आणि खोक्यात घातली.

दोन महिन्यांनी एका गोदामात त्यातल्या एका चाकाचे दात सोलून निघाले. ओझं अंगावर कोसळून हमाल गेला. वजन त्यानेच जास्त लादलं, असं चौकशीत ठरत आलं होतं.

तेव्हा भिंग साच्याच्या तापमानाची नोंदवही घेऊन माझ्याकडे आला. त्या दिवसाच्या दर तासाच्या रकान्यात ऐंशी. सुरेख, एकाच दमात लिहिलेले.

“सकाळीच भरून टाकतो आम्ही. रोजचंच असतं ना,” तो म्हणाला. ते अक्षर मीच वळवलेलं होतं. मी चष्मा काढून पुसत बसले.

“साहेब म्हणतात, गप्प बस, वही आपल्या बाजूने आहे.”

“आणि तू?”

“माझी चूक मेलेल्या माणसाच्या माथी मारतायत, बाई. आणि एकोणचाळीस चाकं अजून फिरतायत.”

दुसऱ्या दिवशी त्याने चौकशीवाल्यांसमोर दुपारनंतरचे ऐंशी खोडले, खाली खरं लिहिलं आणि सही केली. हमालावरचा ठपका गेला. भिंगची नोकरीही गेली. हीटरचं आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं साहेब म्हणाले.

एकतीस चाकं कारखान्यात परत आली. उरलेली आठ तो स्वतः गोदामं पालथी घालून शोधू लागला. सापडलेलं चाक आणून माझ्या टेबलावर ठेवी. मीही ते खिडकीपाशी धरून पाही. सात जमली.

काल तो रिकाम्या हाताने आला.

“शेवटचं सापडलं, बाई.”

“मग आणलं नाहीस?”

“चौकशीवाल्यांकडे आहे. मी परवा पोचलो, ते आदल्या दिवशी तुटलं होतं. रहाटावरच्या माणसाचा पाय कापावा लागला.”

मी पाणी दिलं. त्याने तांब्याला हातही लावला नाही.