क्वेकरांचा मागचा बाक आणि आमचं जेवणाचं टेबल

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितलेली नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात, सलग दोन वर्षं, एका मित्राच्या घरून आलेला डबा मी टेबलावर मांडलाच नाही. माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस स्टेशनवरच्या कचऱ्यात रिकामा केला.

मित्र नागपूरचा, आंबेडकरी बौद्ध. आम्ही एकाच ऑफिसात होतो, रोज एकाच ट्रेनने शिकागोला जायचो. वहिनींच्या हातची सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, मी त्यांच्या घरी कितीदा तरी खाल्ली होती. त्यामुळे मंडळाच्या जेवणाला वड्याच आणा, असं मीच सांगितलं होतं. आमच्याकडे प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा आणि समोर एक कार्ड ठेवायचं: पदार्थाचं नाव, खाली घराचं आडनाव. कार्डं लिहिण्याचं काम माझ्याकडे.

दोन्ही वर्षं त्या दोघांना स्वतः यायला जमलं नाही, डबा तेवढा माझ्याकडे दिला. पहिल्या वर्षी मी त्यांचं कार्ड लिहीत असताना मंडळातल्या एक काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“हे तेच ना रे, ज्यांच्या लिव्हिंग रूममध्ये आंबेडकरांचा मोठा फोटो आहे?”

“हो.”

“मला काही नाही बाबा. पण लोक कार्ड वाचूनच घेतात. वड्या तशाच पडून राहिल्या तर त्या बिचारीलाच वाईट वाटेल. तूच बघ काय ते.”

मी बघितलं. कार्ड खिशात घातलं आणि डबा उचलून पार्किंगमध्ये गेलो. गाडीत बसून एक वडी खाल्ली. छान झाली होती. म्हणजे मला स्वतःला अडचण होती असंही म्हणायची सोय नाही.

पुढच्या आठवड्यात धुतलेला डबा परत दिला आणि म्हणालो, “वहिनी, सगळ्यात आधी तुमच्या वड्या संपल्या.” त्यांचा चेहरा असा खुलला की पुढच्या वर्षी त्यांनी दुप्पट केल्या. मी परत तेच केलं, परत तेच बोललो.

तिसऱ्या वर्षी मला ते झेपेना. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी हळूच विचारलं, “कार्डावरून आडनावं काढून टाकू या का?” अध्यक्ष म्हणाले, “विषय नाजूक आहे, पुढच्या वेळी घेऊ.” मग मी मित्राला फोन करून सांगितलं की हॉलवाल्यांनी घरचं अन्न बंद केलंय, केटरर लावलाय, नुसते या. ते दोघं आले. टेबलावर नेहमीसारखे पस्तीस-चाळीस डबे, प्रत्येकापुढे कार्ड. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही, हे मला आजही कळत नाही.

मित्राने ताट वाढून घेतलं, एकेक कार्ड नीट वाचलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “यार, केटरर भारी शोधलास. अगदी घरच्यासारखं करतो.”

वर्षभरात ते दोघं नेपरव्हिल सोडून टेक्ससमध्ये प्लेनोला गेले. नोकरी चांगली मिळाली, असं तो म्हणाला. मीही तेच धरून चाललो.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आहेत. त्यांच्या प्रार्थनेला पाद्री नसतो, तासभर सगळे गप्प बसतात, कुणाला आतून वाटलं तर तो उठून बोलतो. गेल्या हिवाळ्यात त्यांची गाडी बर्फात अडकली म्हणून मी त्यांना प्रार्थनेला सोडायला गेलो आणि मीही आत बसलो. परतताना सहज म्हणालो, “गुलामगिरीच्या विरोधात सगळ्यात आधी तुमचेच लोक उभे राहिले ना?”

त्या हसल्या. “उभे राहायला फार वेळ लावला. आमच्याच कितीतरी घरांत गुलाम होते. चौघांनी लेखी हरकत घेतली, तर सभा म्हणाली, विषय फार जड आहे, वरच्या सभेकडे पाठवा. त्यांनी आणखी वर पाठवला, आणि तिथे तो बाजूला ठेवला गेला. गुलाम ठेवणाऱ्याला सभेत जागा नाही, एवढं ठरायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. काही जण घरोघर जाऊन, समोर बसून, एकेका मालकाला समजावत राहिले, म्हणून तरी झालं. आणि त्यानंतरही काळ्या सभासदांसाठी मागे वेगळा बाक असायचाच.”

कुणा सभासदाचं चुकलं तर तो काय करायचा, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी तो स्वतःची चूक कागदावर लिहायचा आणि कागद सभेत वाचला जाई. वाचून होईपर्यंत त्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं.

मग त्यांनी अगदी मायेने विचारलं, “तुमच्या लोकांत असं वेगळं बसवणं आहे का?”

“छे,” मी म्हणालो. “आम्ही सगळे एकाच टेबलावर जेवतो.”

इतक्या वर्षांनी, विचारणारं माणूस इतकं भलं असताना, कुणाचाही दबाव नसताना मी हे बोललो. काकूंना दोष देण्याची माझी सगळी सोय त्या एका वाक्याने संपली. त्यांनी सुचवलं असेल, पण डबा उचलणारे हात माझे होते, आणि खोटं बोलायला तर मला कुणी सुचवलंही नव्हतं.

मित्र अजून माझ्या वाढदिवसाला मेसेज करतो. मी थँक्यू लिहितो. मला आधी प्लेनोला त्यांच्या घरी जाऊन वहिनींना खरं काय झालं ते सांगायचं आहे, आणि नंतर मंडळाच्या सभेत उभं राहून, स्वतःच्या नावानिशी, हेच लिहिलेलं वाचायचं आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.