शीलावहिनीचं फिजिक्स

मोरिवलीच्या एका औषध कंपनीत माझी शीलावहिनी पॅकिंगला आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी तिने मुक्त विद्यालयातून बारावी सायन्सचा फॉर्म भरला, तेव्हा माझ्यासकट घरात कुणालाच ते खरं वाटलं नाही. लग्नाआधी ती फिजिक्समध्येच नापास झाली होती आणि ती सल तिच्या मनातून गेली नव्हती.

ड्यूटीमुळे क्लास जमेना, म्हणून ती टेलिग्रामवरच्या फिजिक्सच्या एका अभ्यास-ग्रुपवर गेली. पहिल्याच दिवशी गणिताचा फोटो टाकून तिने खाली लिहिलं, ‘उत्तर सांगा, अर्जंट.’ ग्रुप चालवणाऱ्या बदलापूरच्या विनिता मॅडमनी विचारलं, ‘तुम्ही स्वतः कुठपर्यंत आलात?’ त्यावर कुणीतरी हसण्याचं चिन्ह टाकलं.

“पायल, सरळ सांगायला काय होतं गं यांना?” वहिनी मला म्हणाली. दोन दिवस तिने ग्रुप उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र चुकतमाकत सोडवलेलं पान पाठवलं. मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘घर्षणाची दिशा पुन्हा बघा.’ तिने बघितली आणि गणित सुटलं. त्यानंतर तिने नुसतं उत्तर कधी मागितलं नाही.

जानेवारीत ग्रुपवर वाद झाला. जड खोका तिरक्या दोरीने ओढला काय, त्याच कोनातून खाली ढकलला काय, जोर सारखाच लागतो, असं बहुतेकांचं म्हणणं होतं.

‘सारखा नाही,’ वहिनीने लिहिलं. ‘मी रोज खोके सरकवते.’

‘आंटी, प्रूफ दो,’ एकाने लिहिलं.

तिने आकृती काढली. ओढताना आपला जोर खोक्याला जरा वर उचलतो, जमिनीवरचा दाब कमी होतो, म्हणून घर्षणही कमी. ढकलताना उलट. खाली समीकरणं मांडली. मॅडमनी लिहिलं, ‘अगदी बरोबर. सगळ्यांनी हे वहीत उतरवून घ्या.’ प्रूफ मागणाऱ्यानेही वहिनीला ‘थँक्यू मॅडम’ म्हटलं. ते वहिनीने मला दोनदा वाचून दाखवलं.

जूनमध्ये निकाल लागला. फिजिक्सला एकाहत्तर. माझे वडील, आण्णा, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, फार बोलणारे नाहीत. त्यांनी मार्कशीट शेवटपर्यंत वाचली आणि शेजारच्या भगवंतकाकांना हाक मारून म्हणाले, “या, बसा. आमच्या सूनबाई बारावी सायन्स पास झाल्या.”

वहिनीने आता कंपनीच्या लॅबमधल्या जागेसाठी अर्ज केलाय. तो तिने स्वतःच लिहिला.