दादा पोचेपर्यंत

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या कोथरूडच्या घरी मला बघायला मंडळी येणार होती... आणि घरात केर काढलेला नव्हता. (मुलाच्या आईला, म्हणजे काकूंना विचारूनच लिहितेय.)

झालं असं, की आदल्या रात्री दादा कंपनीच्या कामासाठी बॉस्टनला निघाला. पहिल्यांदाच. आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढत नाहीत. आम्ही मूळचे अमरावतीचे. रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचलं... तेवढ्यापुरता हा नियम निभावून जायचा.

शाळेत जायच्या आधी मला आईनेच घरी शिकवलं. त्यामुळे तिचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, मोडायचं धाडसच होत नाही. म्हणून मंडळींना वेळ देण्याआधी मी नेटवर बघितलं. मुंबई ते बॉस्टन साधारण बारा हजार किलोमीटर, पंधराएक तास. तीन साइट्सवर पडताळलं. म्हणजे दादा दुपारी पोचेल, मग केर, मग पाचला पाहुणे.

सकाळी दादाचा मेसेज आला. लंडनला पोचलो, पुढच्या विमानाला अजून तीन तास आहेत... तिन्ही साइट्सनी सरळ रेघेतलं अंतर दिलं होतं. मधला थांबा मी मिळवलाच नव्हता.

मी आईला म्हटलं, पोचलो म्हणतोय ना, मग काढूया केर.

"लंडनला काय काम आहे त्याचं?" एवढंच म्हणून ती पोह्यांसाठी कांदे चिरायला बसली.

पाचला मंडळी आली. मुलगा, त्याचे आई-बाबा. सोफ्याखाली थर्मोकोल, सेलोटेपचे तुकडे, दादाची बॅग भरताना सांडलेला चिवडा... मला राहवेना. पोह्यांची बशी देता देताच मी काकूंना सगळं सांगून टाकलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. काकू पोहे खात राहिल्या. संपलं, असं मला वाटलं.

साडेपाचच्या सुमारास फोन वाजला. दादा उतरला होता. आईने पदराने डोळे पुसले आणि लगेच खिडकीबाहेर बघितलं. दिवेलागणीला केर काढायचा नसतो, आणि पाहुण्यांसमोर तरी कसा काढायचा...

काकूंनी बशी हातात उचलून घेतली. "अहो, अंधार पडेल. काढून घ्या केर, आम्ही पाय वर घेतो."

आणि खरंच, तिघंही सोफ्यावर मांडी घालून, बशा हातात धरून बसले. मी झाडू फिरवत होते. कुणी हसलं नाही. फक्त शेवटी काकू म्हणाल्या, "त्या टीव्हीखाली राहिलंय."

त्यांनी होकार कळवायला दोन दिवस घेतले. मी मात्र त्यांची गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आतच आईला माझा सांगून टाकला होता...