बॅटरी आधी की स्क्रीन

कॉम्प्युटर सुरू होताना कुठला ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारा प्रोग्राम, आधी उठवायचा, हे आमचा धाकटा भाऊ ठरवतो. असं डोकं अख्ख्या कंपनीत दुसरं नाही.

नवं मशीन सुरूच होईना. स्क्रीनचा ड्रायव्हर बॅटरीसाठी थांबलेला, बॅटरीचा ड्रायव्हर चार्जिंग दाखवायला स्क्रीनसाठी अडलेला. "तू आधी ऊठ, दाखवायचं मागाहून बघू," असं धाकट्यानं बॅटरीच्या ड्रायव्हरला शिकवलं आणि मशीन लागलं.

त्याच खुशीत त्यानं साहेबांकडे बायको-लेकीच्या गावी बदली मागितली.

"तुमच्या जागी माणूस तयार करा, मग खुशाल जा."

"मग माणूस द्या ना, साहेब."

"जागा रिकामी झाल्याशिवाय माणूस कुठून देऊ, राजे?"

धाकटा खुर्चीत येऊन बसला. लेकीचा फोन वाजत होता. तो उचलून म्हणाला, "तू आधी जेव, यायचं मागाहून बघू."