शिंप्याच्या बायकोची कॅसेट

गल्लीत सिनेमाच्या कॅसेट भाड्याने देणाऱ्या बाईला सगळे कॅसेटवाली मावशी म्हणत. परत आलेली कॅसेट कुठे थांबवली आहे, यावरून गिऱ्हाइकाच्या घरात काय शिजतंय ते तिला कळे. शिंप्याची बायको एकच सिनेमा पुन्हा पुन्हा नेई आणि तो नेहमी एकाच जागी थांबलेला असे. मेलेला प्रियकर भूत होऊन येतो आणि नायिकेच्या नवऱ्याचा गळा आवळतो, तिथे.

एका दुपारी शिंप्याने बायकोला केसांना धरून दुकानात ओढत आणलं. तिचा ओठ फाटला होता.

"हिला असली थेरं शिकवतेस होय गं म्हातारे?" म्हणत त्याने हातातली तीच कॅसेट पायाखाली चिरडली आणि बायकोचं डोकं काउंटरवर आपटलं.

मावशीने शटर ओढायची सळई उचलली. "सोड तिला, नाहीतर तुझी शिवण उसवते!"

शिंपी हसला. तेवढ्यात बायकोने सळई हिसकावून घेतली.

"भुताची वाट बघण्यात अर्धं आयुष्य गेलं, मावशी," ती म्हणाली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या घावाला तो विव्हळत, सरपटत रस्त्यावर गेला.

मावशीने शटर खाली ओढलं. "बस इथे. पोलिसांना काय सांगायचं ते मी बघते."