जुनी काच चालेल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याबद्दल माफी असावी. पण याच अक्षराला दौंडच्या दुकानात हसले होते. तो राग अजून गेला नाही, म्हणून लिहिते.

हमीदचाचा आता नाहीत. शिरूरला त्यांचा स्टुडिओ होता, मी तिथं फोटो कापायला जायची. कॅमेरा कानाशी धरून ते शटरचा खटका दाबायचे आणि म्हणायचे, "आज आळसावलाय." लेन्सला ते काच म्हणत. तीन काचा मलमलीत गुंडाळलेल्या असत. "कॅमेरा म्हंजी डबडं. फोटो काच काढती."

शेवटी ते डबडं थकलं. त्याची कंपनी कधीच बंद पडली होती. मग दौंडच्या दुकानदाराचा निरोप आला, त्याच नावाचा कॅमेरा पुन्हा निघालाय. आम्ही दौंडला गेलो, चाचांनी त्याला एकच विचारलं, "माझी जुनी काच चालंल?"

"चालंल की."

"लिहून द्या."

"बाई, तुमीच लिवा. मी सही करतो." मी पावतीवर लिहिलं, त्यानं सही केली. चाचांनी बारा हजार मोजले.

महिन्यानं कॅमेरा आला. काच बसेना, खाचच वेगळी. सेल काढला की खटकाही पडेना, जुन्याचा तर सेलाशिवाय पडायचा. आम्ही परत दौंडला गेलो.

"काच म्हंजी लेन्सच्या पुढं लावायची रंगीत काच," दुकानदार पावतीवर बोट ठेवून म्हणाला. "आन् हे काच हाय का काज? बटन लावायचंय व्हय?" गिऱ्हाइकं हसली. मी खाली बघत राहिले.

"अक्षर तिचं हाय, सही तुमची हाय," चाचा म्हणाले आणि बाकावर बसले. "आमाला नवं काय नको, शेठ. जुनी काच बसावी, खटका हाताला कळावा, सेल संपला म्हून कुणाचं लग्न थांबू नये. एवढं जमत न्हाई, तर जुनं नाव कशाला लावता?"

तिथं रेल्वे कॉलनीतला एक फोटोग्राफर तोच कॅमेरा बुक करायला आला होता. त्यानं विचारलं, "पावतीवर काय हाय?"

चाचांनी पावती माझ्या हातात दिली. "वाच, सुमन."

चार माणसांत मी कधी बोललेली नाही. तरी मोठ्यानं वाचलं, "जुनी काच चालेल."

"आमीबी लेन्सलाच काच म्हंतो," तो माणूस दुकानदाराला म्हणाला. "माझी ऑर्डर ऱ्हाऊ द्या."

दुकानदारानं कॅमेरा मागं घेतला आणि गल्ला उघडला. नोटा देताना म्हणाला, "पैसे मिळाले असं लिहून द्या."

"लिही पोरी," चाचा म्हणाले. "शेठला तुझं अक्षर आता वाचता येतंय."

मी नोटा दोनदा मोजल्या. मग त्याच पावतीखाली, मोठ्या अक्षरात लिहिलं: बारा हजार, पूर्ण मिळाले.