वाटेतलं स्टूल

माझी वहिनी मुलांना रोबोटिक्स शिकवते. विषयाचं नाव भारदस्त, सामान मात्र भंगारातलं. खेळण्यांतल्या मोटारी, जुन्या मोबाइलचे कॅमेरे आणि पुठ्ठ्याचे सांगाडे जोडून ती ड्रोन बनवते. खोलीचा नकाशा भरला की ते आपले आपण उडतात, टेबलं-कपाटं चुकवतात आणि खिडकीजवळच्या पाटीवर उतरतात.

तो नकाशा तिने दोन वर्षांपूर्वी एकदाच, कॅमेऱ्याने सगळी खोली टिपून केला. मदतीला म्हणून आलेला माझा दादा तेव्हा भर वाटेत स्टूल टाकून बसला होता.

"हलू नका हं," वहिनी म्हणाली.

"मी कधी हललोय?"

खरंच होतं. आळशीपणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तीन महिन्यांत तो गेला. नकाशातून मात्र गेला नाही. प्रत्येक ड्रोन रिकाम्या स्टुलापाशी आला की मंदावतो, माणूस बसलाय इतकी जागा सोडून वळसा घालतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "नवा नकाशा कर," मी म्हणत राहिले. "करू की," म्हणत ती टाळत राहिली.

यंदा बॅटऱ्या आणखी स्वस्तातल्या आल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरावात सहा ड्रोन पाटीच्या हातभर अलीकडे पडले. वळशातच त्यांचा जीव संपत होता.

"बाई, माझं कुठे चुकलं?" एका मुलीने रडत विचारलं. वहिनी पडलेले ड्रोन गोळा करत राहिली. मुलं गेल्यावर माझा तोल सुटला.

"मेलेल्या माणसापायी जिवंत पोरं नापास करणार आहेस का?"

बोलले आणि जीभ चावली. भाऊ माझाच होता.

वहिनीने हातातला ड्रोन खाली ठेवला. म्हणाली, "वन्सं, स्टूल तुम्ही उचला. माझ्याने नाही व्हायचं."

हलकंच होतं ते, तरी मला दोन्ही हात लावावे लागले. दहा मिनिटांत नवा नकाशा झाला. जुना तिने माझ्यासमोर पुसला.

दुसऱ्या दिवशी सगळे ड्रोन सरळ गेले, सगळे पाटीवर उतरले. ती मुलगी तर नाचलीच. मुलं गेल्यावर मी आवराआवर करायला खिडकीकडे निघाले. स्टूल होतं त्या मोकळ्या फरशीपाशी माझी पावलं आपोआप वळली. समोरून वहिनी येत होती, हातात ड्रोनची टोपली. तीही तिथे थबकली, आणि माणूस बसलाय इतकी जागा सोडून पलीकडून गेली.